सरांशी बोलताना

(मार्च १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पत्रिकेत तेच छापलंय. परवा रात्री मी फोन करून विषय बदलून मागितला. त्याचं कारण आपल्या ग्रुपवरच आहे. गेल्या महिन्याभरात तिथे सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "सर येणार का?"

गणिताचे सर. म्हणजे माझे बाबा. शाळेत पाच वर्षं मीसुद्धा त्यांना सरच म्हणत होते, त्यामुळे आज इथे उभं राहिल्यावर तोंडात तेच येतंय. तर सर येणार आहेत. दुपारी चार वाजता, चहाला. आणि ते यायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आजारी होते एवढंच माहीत आहे. काही जण घरी येऊन गेले आणि परत आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पहिले सहा महिने मलासुद्धा त्यांच्या खोलीत जायची भीती वाटायची, आणि मी त्यांची मुलगी आहे.

जून २०२२ मधली गोष्ट. बाबा सकाळी फिरून आले, ओट्यावर बसले आणि हातातला चहाचा कप निसटला. आईने विचारलं, काय झालं, तर ते काहीतरी बोलले पण त्याला अर्थ नव्हता. आईला वाटलं पित्त चढलं. तिने लिंबूसरबत दिलं आणि झोपवलं. मला पुण्यात फोन केला तो दुपारी. मीही म्हटलं, बीपीची गोळी चुकली असेल, संध्याकाळी बघू. मी, इंजिनिअर, हाताखाली चौदा माणसं, मी म्हणाले संध्याकाळी बघू. सीटी स्कॅन झाला तेव्हा नऊ तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे लक्षात ठेवा: तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अचानक बिघडलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. सरबत नाही, झोपवायचं नाही.

सरबत का नाही, तेही सांगते. हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी आली, म्हणाली मी स्पीच थेरपिस्ट. आम्हाला वाटलं आता ही बाबांना बोलायला शिकवणार. तिने चमचाभर पाणी मागितलं. बाबांच्या गळ्यावर बोट ठेवून ते कसे गिळतात हे ती बघत बसली. बोलण्याचं राहू दे, आधी गिळता येतं का ते बघू, म्हणाली. तोंड, जीभ, घसा हे बोलण्याचे आणि गिळण्याचे अवयव एकच, त्यामुळे हे कामही त्याच लोकांचं. पाणी पातळ, ते झटकन घसरून श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पहिले काही दिवस बाबांना सगळं दाटसर करून दिलं, पाणीसुद्धा. तर आमचं सरबत फुप्फुसात गेलं नाही हे नशीब.

उजवा हात, उजवा पाय दोन-तीन महिन्यांत बराच परतला. काठी घेऊन चालायला लागले. राहिलं ते बोलणं. सगळं बोलणं जाऊन एकच शब्द उरला होता. सांगू कोणता?

बरोबर. "म्हणजे."

तुम्ही हसलात ते बरं झालं. आपण वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढून मोजायचो, एका तासाला सर किती वेळा 'म्हणजे' म्हणतात. 'ब' तुकडीचा विक्रम एकशे बाराचा होता असं ऐकलंय, मला तो खोटा वाटतो. तर तोच शब्द शिल्लक होता. पाणी हवं, "म्हणजे." पंखा बंद करा, "म्हणजे." मी कोण, "म्हणजे." आणि प्रत्येक वेळी चाल वेगळी. विनंतीची, रागाची, चेष्टेची. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, हा माणूस पूर्ण वाक्यं बोलतोय, फक्त आपल्याला शब्द ऐकू येत नाहीयेत.

याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. आणि असा एकच शब्द उरणारे माझे बाबा पहिले नाहीत. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी लेबॉर्न नावाचा रुग्ण पाहिला. वीस वर्षांहून जास्त काळ तो "तां, तां" एवढंच म्हणत होता, म्हणून रुग्णालयात त्याचं नावच तां पडलं होतं. फार रागावला की मात्र एक शिवी स्वच्छ यायची. काही दिवसांतच तो वारला आणि ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता. बोलण्याची भाषा मेंदूत कुठे घडते याचा तो पहिला ठोस पुरावा मानला जातो. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांबद्दल लिहिलं. ते अस्खलित बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमगत नाही. बाबांचा प्रकार पहिला. आणि हो, शिवीचंही खरं आहे. ज्या माणसाने तीस वर्षांच्या नोकरीत 'गाढवा'च्या पुढे मजल मारली नाही, त्याने फिजिओथेरपिस्टने खांदा ओढल्यावर जे उच्चारलं, ते मी गुरुजनांसमोर सांगू शकत नाही. आईने कानांवर हात ठेवले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण किती स्पष्ट म्हणाले गं."

आता लोकांनी काय काय सांगितलं ते ऐका. जिभेवर वेखंड उगाळून लावा. अक्कलकाऱ्याचं चूर्ण मधातून चाटवा. रात्री शंखात पाणी ठेवून सकाळी पाजा. एकाने कबुतराचं नाव काढलं, त्याला आईने चहा न देता पाठवला. सांगणारे सगळे प्रेमाने सांगत होते. पण सगळ्यांचा समज एकच, की जीभ जड झाली आहे. बाबांच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. दुसरा समज शिकलेल्या लोकांचा: बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवू दे. मीच पहिल्या आठवड्यात त्यांच्यासमोर वही-पेन ठेवलं. उजवा हात चालत नव्हता म्हणून डाव्या हातात पेन दिलं. त्यांनी एक आडवी रेघ काढली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वही उचलून घेतली. काही रुग्णांचे फक्त तोंडाचे स्नायू कमजोर होतात, ते लिहून सांगू शकतात. वाचाघातात शब्दच हाताशी येत नाही, तो तोंडातूनही नाही आणि पेनातूनही नाही.

मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं, की डेटा शाबूत आहे, इंडेक्स उडालाय. थेरपिस्टला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "ताई, अर्धं बरोबर. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर रोज तीच येते. यांना सकाळी सापडलेला शब्द दुपारी सापडणार नाही, आणि परवा अचानक सापडेल. तेव्हा 'काल तर म्हणाला होतात' असं त्यांना कधी म्हणू नका." आम्ही ते दिवसातून दहादा म्हणत होतो.

अक्कल मात्र तशीच होती. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, बाबांच्या पलंगावर बसून समीकरणं सोडवत होता. बाबांनी काठीचं टोक वहीवर एका ओळीवर टेकवलं आणि "म्हणजे!" म्हणाले. पोरगं चिडलं, बरोबर आहे म्हणालं. काठी हलेना. शेवटी बघितलं तर बाजू बदलताना त्याने वजाचं चिन्ह तसंच ठेवलं होतं. त्या दिवसापासून तो गणितं घेऊन त्यांच्याकडेच जातो. आणि त्याच आठवड्यात भेटायला आलेले एक गृहस्थ बाबांच्या गालाला हात लावून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "जेवन केलं का आजोबांनी? शहाणे आहेत आमचे आजोबा." वयाने ते बाबांपेक्षा वर्षभराने मोठे होते.

आपल्या गावात स्पीच थेरपिस्ट नाही. पुण्याहून डिस्चार्ज घेतल्यावर तीच मुलगी व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून दोनदा पाऊण तास आणि रोजचा गृहपाठ द्यायची. गृहपाठ या शब्दावर बाबा हसले होते. आयुष्यभर दिला, आता करायचा.

ती काय करायची ते थोडं सविस्तर सांगते, कारण मला आधी वाटायचं की हे म्हणजे 'अ म्हणा, आ म्हणा' असणार. ती छत्रीचं चित्र दाखवायची आणि गप्प बसायची. शब्द आला नाही तर म्हणायची, पावसात वापरतो. तरी नाही, तर "पाऊस आला, लवकर उघड तुझी..." असं वाक्य अर्धं सोडायची. तरी नाही, तर फक्त "छ..." एवढा ओठांचा आकार करून आवाज द्यायची. बहुतेक वेळा तिथे यायचा. अगदीच नाही आला तर स्वतः म्हणून दाखवायची, आणि मग उलट्या क्रमाने एकेक आधार काढत जायची. आपण काय करत होतो? थेट शेवटची पायरी. "छत्री! बाबा, म्हणा छत्री!" शब्द शोधायचा जो रस्ता पुन्हा तयार व्हायला हवा, तो आम्ही मधूनच तोडून टाकत होतो.

पुढे क्रियापदं आली. 'कापणे' घ्यायचं. कोण कापतं? काय कापतं? शिंपी, कापड. सुतार, लाकूड. आई, भाजी. एका क्रियापदाभोवती माणसं आणि वस्तू गोळा करायच्या म्हणजे वाक्य उभं राहतं. बाबांची वाक्यं तेव्हा अशी असायची: "मी... बाजार... पिशवी." शब्द सगळे मूळ रूपात. मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत म्हणून सांगते, बाई, तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलेले विभक्तीचे सगळे प्रत्यय बाबांच्या मेंदूतून एका सकाळी गेले. 'बाजारातून' मधलं 'आतून' परत यायला आठ महिने लागले. तेव्हा मला पहिल्यांदा त्या तक्त्याची किंमत कळली.

पाढ्यांची गंमत वेगळी. मी नुसतं "सतरा एके" म्हटलं की बाबा सतराचा पाढा शेवटपर्यंत म्हणायचे, घडाघडा, जुन्या आवाजात. आणि सतरा त्रिक किती विचारलं तर "म्हणजे". पाठ झालेलं म्हणणं आणि मनातलं बोलणं, या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या करतो. हे आम्हाला समजायच्या आत गणपती आले. आरती सुरू झाली आणि बाबा टाळ्या वाजवत सगळ्यांबरोबर गायला लागले. एकेक शब्द स्पष्ट. घर भरलेलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, काका तर देवापुढे आडवेच झाले. रात्री आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात दहा मिनिटं उभे होते, कारण त्यांना 'चहा' म्हणता येत नव्हतं.

तो दिवस फार वाईट गेला. थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली, हे मी आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं. मग तिने त्या गाण्याचाच उपयोग केला. चालीवर बोलायला शिकवण्याची एक पद्धत बोस्टनमध्ये १९७० च्या दशकात तयार झाली. वाक्याला साधी दोन सुरांची चाल लावायची, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा, आणि हळूहळू चाल काढून टाकायची. ती सगळ्यांना लागू पडत नाही. बाबांना पाच-सहा वाक्यांपुरती लागू पडली. "च-हा ह-वा." अजूनही कधी अडले की डावा हात मांडीवर जातो. आज दिसेल तुम्हाला.

मधल्या काळात माझ्यातली इंजिनिअर स्वस्थ बसणार नव्हती. मी ॲप केलं. दोनशे चित्रं, दहा विभाग, चित्रावर बोट ठेवलं की मराठीत आवाज. तीन शनिवार-रविवार घालवले. बाबांनी दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी टॅब्लेट उशीखाली ठेवून दिला. कारण विचारलं तर "म्हणजे", आणि चेहरा असा की विचारू नये. पुढे कळलं, त्यात एका बाईचा आवाज होता. त्यांनी बोट ठेवलं की ती बाई म्हणायची "मला लघवीला जायचं आहे". शेवटी चाललं काय, तर चाळीस पानी वही. तिच्यात आमच्या घराचे, गल्लीचे, नातेवाइकांचे फोटो, शाळेचा फोटो, घड्याळाचं चित्र, महिन्यांची नावं, गावाचा हाताने काढलेला नकाशा. एखादी गोष्ट सांगायची असली की ते वहीत जागा दाखवतात, मग माणूस, मग केव्हा, आणि उरलेलं आपण हो-नाही विचारून काढायचं. हो-नाहीचाही घोळ होता बरं का. मनात नाही असलं तरी तोंडून हो यायचं. म्हणून अंगठा वर, अंगठा खाली. तोंडाचं ऐकायचं नाही, अंगठ्याचं बघायचं.

आता मूळ मुद्द्यावर येते. चौथ्या-पाचव्या कॉलला थेरपिस्टने बाबांना सोडलं आणि आमचा तास घ्यायला सुरुवात केली. तुम्ही दोघी यांच्याशी बोलताय त्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवा, म्हणाली. तो तिने आम्हालाच दाखवला. मित्रांनो, मी कंपनीत सादरीकरणं करते, माझे स्वतःचे व्हिडिओ खूप पाहिलेत, पण इतकी शरम कधी वाटली नव्हती. दहा मिनिटांत बाबांनी अकरा वेळा तोंड उघडलं होतं आणि अकराही वेळा आमच्यापैकी कोणीतरी त्यांचं वाक्य पूर्ण करून टाकलं होतं. त्यातलं निम्मं चुकीचं. ते मान हलवायचे आणि सोडून द्यायचे. तिने विचारलं, ते थांबल्यावर तुम्ही किती वेळ वाट बघता? मोजलं. दीड सेकंद.

टोरांटोच्या ऑरा केगन यांनी अशा कुटुंबीयांना शिकवण्याची एक पद्धत बसवली आहे, थेरपिस्ट त्याच वाटेने जात होती. त्याचा गाभा असा, की समोरच्याला आधी जाणवू द्यायचं: तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. मग त्याला सांगण्यासाठी साधनं द्यायची आणि समजलेलं बरोबर आहे का हे पडताळून बघायचं. याचा अर्थ उपचार एकट्या रुग्णावर होत नाही. जे बोलायला येतात त्यांच्यावरही करावा लागतो. म्हणून आज मी तुमचा तास घेतेय.

आणखी एक आठवण सांगते, ज्याची आहे त्याला विचारून. आपल्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. हजेरीला 'हजर' मधला 'ह' निघेपर्यंत मागचे बाक खिदळायचे, मीही खिदळले आहे. काही तासांना त्याला प्रश्नच विचारला जायचा नाही, वेळ वाचायचा. गणिताच्या तासाला मात्र विचारला जायचा. तो उभा राहिला की सर खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मदत नाही, 'सावकाश बोल' नाही, काही नाही. त्याचं झालं की "म्हणजे?" म्हणून पुढचा प्रश्न. तो आज वकील आहे, अजूनही अडखळतो, आणि कोर्टात उभा राहतो. गेली दोन वर्षं तो गावात असला की रविवारी सकाळी बाबांकडे येतो. आमच्या घरात बाबांशी सगळ्यात चांगल्या गप्पा तोच मारतो. दोघांनाही घाई नसते. आई म्हणते, एक वाक्य व्हायला पोहे गार होतात.

बाबांना स्वतःला काय बोलायचंय, हे थेरपिस्टने त्यांनाच विचारलं होतं, आम्हाला नाही. तिने यादीत आईचं नाव घातलं होतं. बाबांचा अंगठा खाली. आई जरा दुखावली. मग कोडं उलगडलं: पंचेचाळीस वर्षांत त्यांनी आईला नावाने हाक मारलीच नव्हती! नाव काढून तिथे 'अगं' घातलं, आणि 'म्हणजे' नंतर परत आलेला पहिला शब्द तोच. त्यानंतर स्वतःचं नाव हवं होतं. आणि तिसरा शब्द त्यांनी निवडला तो 'थांब'.

नोव्हेंबर २०२२. पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या माणसाने नियमाप्रमाणे विचारलं, नाव काय? बाबा म्हणाले, "म्हणजे". त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना समजत नाही का? मग खातं असं चालवता येणार नाही, कोर्टातून पालक नेमून आणावा लागेल." मी पटापट नाव, खाते क्रमांक, जन्मतारीख सांगून टाकली, हॉस्पिटलचे कागद दाखवले, थोडी भांडलेही. काम झालं. परत येताना बाबा रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं त्या माणसाचा राग आलाय. घरी आल्यावर वही काढली, बँकेच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि मग माझ्या फोटोवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तीच बँक, खिडकीवर दुसरी मुलगी. महिनाभर थेरपिस्टने त्याच प्रसंगाची तालीम घेतली होती, ती बँकवाली व्हायची. मुलीने विचारलं, नाव? मी सवयीने तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "थांब." मला. मग डावा हात मांडीवर गेला. मागे रांग होती, कोणीतरी खाकरलं. मी मनातल्या मनात मोजत होते, बावीस सेकंद. आणि त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. गावाचं नाव विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. मुलीला यात काय विशेष झालं ते कळलं नाही, तिने शिक्का मारला आणि "पुढे" म्हणाली.

सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, त्यात डॉक्टरही होते. ते तसं नाही. २०१७ साली जर्मनीतल्या १५६ रुग्णांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. सगळ्यांना पक्षाघात होऊन सहा महिने किंवा जास्त झाले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिल्यावर त्यांच्या रोजच्या बोलण्यात फरक पडला. वेग कमी होतो, दार बंद होत नाही. पूर्ण बरं होतं असंही मी म्हणणार नाही. बाबा आज साधारण तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात, दमले की तीही जातात.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी गरज असेल, मोठ्यांसाठी किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी, तर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५ पासून हेच काम करते, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खाजगीत गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. मुलाचं बोलणं लांबलं असेल तर आधी कान तपासून घ्या. 'याचे बाबापण उशिराच बोलले' यावर वर्ष घालवू नका. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचा उल्लेख आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तर आता चार वाजता काय करायचं. आपल्या सगळ्यांच्या तोंडात पहिलं वाक्य तयार असणार, "सर, ओळखलंत का?" ते कृपा करून म्हणू नका. ते ओळखतील, तुमचा बाक कुठला होता तेही त्यांना आठवत असेल, पण नाव सापडणार नाही आणि तुमच्यासमोर ते पुन्हा नापास होतील. तुम्हीच सांगा: सर, मी अमुक, 'ब' तुकडी, खिडकीजवळ बसायचो. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. एका वेळी एकाने बोला, मोठ्याने नको, त्यांचे कान उत्तम आहेत. जुने फोटो आणले असतील तर दाखवा, फोटो मदत करतात. ते थांबले की तुम्हीही थांबा. मनात दहा मोजा, खिडकीबाहेर बघा हवं तर. नाही समजलं तर समजल्यासारखी मान हलवू नका, "सर, नाही कळलं, पुन्हा बघू" म्हणा. त्यांना त्याचा राग येत नाही, खोट्या मानेचा येतो.

त्यांनी दोन ओळी बोलायचं ठरवलंय. काय, ते मलाही सांगितलेलं नाही, दोन आठवडे दार लावून थेरपिस्टबरोबर तयारी चालू आहे. मध्ये अडतील. तेव्हा टाळ्या वाजवून सोडवायला जाऊ नका, बाकीचं राहून जाईल. ध्वनिक्षेपक डाव्या हाताला ठेवा. चहाच्या वेळी मागची गाणी बंद ठेवता आली तर बघा. आणि ते मैदानाकडच्या दाराने येतील, पायऱ्या तिकडे कमी आहेत. काठीला जागा लागते, तेव्हा त्या बाजूच्या दोन रांगा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मागे सरकवून ठेवा.